निराधारांची चौकशी करायचं काम : केलेल्यांनी अनुभव सांगा

पैनगंगा_काठ (धागाकर्ता)

मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तहसीलमध्ये महसूल सहायक आहे. आजवर आवक-जावक आणि नकला एवढंच माझं टेबल होतं. आता संगांयोचं (संजय गांधी निराधार योजनेचं) टेबल आलंय, आणि सोबत पडताळणी पथकात नावही टाकलंय. ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी: संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या दोन योजनांत निराधार, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग आणि पासष्टीच्या पुढचे गरीब म्हातारे यांना महिन्याला १५०० रुपये मिळतात, दिव्यांगांना आता २५००. गावात कोणी अनुदान म्हणत नाही. 'निराधारचा पगार' म्हणतात.

काम असं. तक्रार येते, बहुतेक वेळा निनावी. 'अमक्या बाईच्या पोराकडे ट्रॅक्टर आहे, स्लॅबचं घर आहे, तरी पगार उचलते, कारवाई व्हावी.' मग आपण गावात जायचं, घर पाहायचं, शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे, पंचनामा करायचा, साहेबांना अहवाल द्यायचा. पुढे पात्र की अपात्र ते ठरतं, कधी वसुलीही निघते.

ऑफिसात सगळे सांगतात, काही नाही रे, पाच ओळी लिहायच्या आणि मोकळं व्हायचं. मला ते जमत नाहीये. योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार, त्यामुळे जी फाइल उघडावी तीत २१ हजाराचा उत्पन्नाचा दाखला. ज्या घरी जावं तिथं त्याहून जास्त उत्पन्न, आणि तरी घर गरीबच. मग खोटं धरायचं कोणाचं? हे काम केलेले कोणी असाल, किंवा ज्यांच्या घरी अशी चौकशी आली असे असाल, तर सांगा. निनावी तक्रारीवर जाता का? सोबत कोणाला नेता?

अवली_नागपूरकर

तुम्ही चौकशीला गेलात की गाव आधी तुमची चौकशी करतं. आडनाव काय, मामाचं गाव कोणतं, कोणत्या साहेबाचे खास. त्यात पास झालात तरच बाईचं घर दाखवतात.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, खरा निराधार का खोटा थे मंग पाहाजा, पयले थो माणूस जित्ता हाये का थे पाहा. आमच्या गावचा एक बुढा तहसीलच्या कागदावर मेला होता. इकडे बुढा रोज पारावर पत्ते खेयते! हयातीचा दाखला द्याले गेला तं बाबू म्हणे, तुमची नोंद मयत आहे. बुढा म्हणे, असं कसं बाप्पा, मंग माही तेरवी कोनं खाल्ली थे तं सांग!

कोडवाला_अकोला

@वऱ्हाडी_ठेचा 😂 २०२२ मध्ये हरियाणात रोहतकला १०२ वर्षांच्या आजोबांची पेन्शन अशीच कागदावर मेल्यामुळे बंद झाली होती. ते नवरदेवासारखे सजून वरातीने गेले होते, जिवंत आहे हे दाखवायला. तुमच्या बुढ्याला सांगा, बँडचा खर्च आम्ही वर्गणीतून करू.

माजी_तलाठी

बाळा, माझी नोकरी अर्धी खारपाणपट्ट्यात गेली आणि अर्धी मेळघाटच्या पायथ्याला. तलाठी म्हणूनच रिटायर झालो. आता त्या पदाचा ग्राम महसूल अधिकारी झाला, कोतवालाचा महसूल सेवक झाला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. पाट्या बदलल्या, दप्तर तेच.

निनावी तक्रारीवर जायचं. पण ती कोणी केली असेल हे मनाशी ठरवून जायचं. धुऱ्याचं (बांधाचं) भांडण, भाऊबंदकी नाहीतर ग्रामपंचायतीची निवडणूक, यातलं एक निघतंच. म्हणून तक्रार खोटी असते असं नाही. पण निवडणुकीच्या वर्षी ज्या वॉर्डातून तक्रारी येतात तो वॉर्ड कोणी पाडला ते विचारून घे, अर्धा अहवाल तिथंच लिहून होतो.

सरपंचाला सोबत नेऊ नको, पोलीस पाटलालाही नको. कोतवालाला ने. गावात कोण मेलं हे जन्म-मृत्यूच्या रजिस्टरच्या आधी त्याला ठाऊक असतं, कारण तो तेरवीला जेवून आलेला असतो. म्हातारी वारली आणि एटीएम कार्ड पोराच्या खिशात, असे प्रकार मी पाहिले ते सगळे कोतवालाच्या तोंडून. कोणत्याही यादीतून नाही.

आणि चूल पाहा. नियमात कुटुंबाचं उत्पन्न धरतात, त्यामुळे जो तो सांगतो, माय वेगळी राहते, वेगळं खाते. रेशनकार्डही फोडून घेतलेलं असतं. दाखवायला मांडलेल्या चुलीला पोतारा ताजा असतो आणि आत राखेचा कण नसतो. तवा गंजलेला. ती लबाडी.

पण एकदा उलटं पाहिलं. तक्रारीत होतं, तीन पोरं, बारा एकर वावर, पक्कं घर. सगळं खरं. आम्ही गेलो तेव्हा म्हातारीला ओसरीवर बसवलेलं, पुढ्यात स्टीलचं ताट, वरण-भात, वांग्याची भाजी, आणि सून 'घ्या ना आत्याबाई, घ्या ना' करून राहिलेली. म्हातारी ताटाकडे अशी पाहत होती की हे ताट तिच्या ओळखीचं नाही. मी हात धुवायच्या निमित्तानं मागं गेलो. गोठ्याच्या कोपऱ्यात तीन विटांची चूल, राख अजून ऊन. बाजूला एक जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं, डब्यात रेशनचे तांदूळ, मिठाची पुडी खुंटीला, आणि गायीच्या दाव्यावर तिचं लुगडं वाळत घातलेलं. परत येऊन हळूच विचारलं तर म्हणे, 'साहेब, पोराच्या नावानं काई लिवू नका. पगार नाई भेटला तरी चालते.'

मी अहवालात ताटाचं लिहिलं नाही. चुलीचं लिहिलं.

शुभदा_अमरावती

काका, वाचून गलबलले. पण एक विचारू? म्हातारीच्या चुलीपर्यंत ठीक आहे. परित्यक्तेच्या घरी गेल्यावर काय पाहता?

माझी लांबची बहीण नवऱ्याने टाकलेली. दोन मुली. तिच्या पगाराची चौकशी आली तेव्हा साहेबांनी तिला पाच मिनिटं विचारलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना अर्धा तास. 'नवरा येतो का? कोणी दुसरा येतो का? रात्री कोणाची गाडी असते का?' पारावर, चार माणसांत. पगार चालू राहिला. पण त्या दिवसापासून तिच्या दारात कोणाची गाडी थांबली की लोक नंबर वाचतात. तिचा सख्खा भाऊ आता गाडी मारुतीच्या देवळापाशी लावून पायी येतो.

माजी_तलाठी

शुभदाताई, बरोबर आहे तुमचं. हा प्रश्न पारावर विचारायचाच नाही. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईला सोबत घ्यायचं, बाईशी तिच्या घरात बोलायचं आणि जबाब तिला वाचून दाखवायचा. आमच्या वेळी कोणी शिकवलं नाही हे खरं, पण शिकवायला काय लागतं.

सॅक्रामेंटोचा_वरुडकर

मूळचा वरुडचा, संत्र्याच्या बागेतला. आता कॅलिफोर्नियात. बायको इथल्या एका काउंटीत गरिबांच्या मदतीचे अर्ज तपासते, त्यामुळे हा धागा रात्री जेवताना मोठ्यानं वाचून झाला.

शुभदाताईंनी जे लिहिलं ते इथं कोर्टापर्यंत गेलेलं आहे. अलाबामा राज्याचा नियम होता की बाईच्या घरी पुरुष येत-जात असेल तर तोच मुलांचा बाप धरायचा आणि मदत बंद. तपासनीस रात्रीबेरात्री दार वाजवायचे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं किंग विरुद्ध स्मिथ खटल्यात तो नियम रद्द केला. पण गोष्ट तिथं संपली नाही. सॅन दिएगो काउंटीत १९९७ पासून रोख मदत मागणाऱ्याच्या घरी सरकारी वकिलाच्या कार्यालयाचे तपासनीस न कळवता जायला लागले. कपाटं, औषधांची फळी, कपडे, सगळं पाहायचे, की पुरुषाचे बूट तर नाहीत ना. त्याविरुद्धचा खटला लोक २००६ मध्ये हरले. म्हणजे चूल काय आणि कपाट काय.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडे आणण्यासारखी आहे. इथं अन्नमदतीत जास्त पैसे गेले की आधी ठरवतात, चूक कोणाची. कार्यालयाची, कुटुंबाची नकळत, की जाणूनबुजून. तीन वेगळे कप्पे. जाणूनबुजून ठरवायचं तर सुनावणी लागते, पुरावा लागतो. ठरलं तर पहिल्या वेळी १२ महिने बंद, दुसऱ्या वेळी २४, तिसऱ्या वेळी कायमचं. नकळत चूक झाली तर पैसे हप्त्यानं कापतात, पण माणसाला चोर म्हणत नाहीत. आणि अर्ज तपासणारा वेगळा, तपास करणारा वेगळा. बायको संशय आला तर कागद पुढं पाठवते, स्वतः दार वाजवत नाही.

पैनगंगा_काठ

@वरुडकर, हे तीन कप्पे मी वहीत लिहून घेतले. आमच्याकडे कप्पा एकच, अपात्र. डेटा एंट्रीत जन्मसाल चुकलं तोही अपात्र आणि मेलेल्या आईचा पगार उचलणाराही अपात्र.

पुणेरी_पाहुणा

भावनिक चर्चा छान. पण शेवटी हा करदात्यांचा पैसा आहे. २१ हजारांची मर्यादा आहे ना? मग त्याहून जास्त उत्पन्न असलेला प्रत्येक जण फसवणूक करतोय. नियम म्हणजे नियम.

संत्रावाला

आले.

कायदेभान

@पुणेरी_पाहुणा, चला, नियमाचा हिशेब करू. २१ हजार भागिले १२, म्हणजे महिन्याला १७५०. दिवसाला ५८ रुपयांच्या आत. अख्ख्या कुटुंबाचे.

आता दुसरी सरकारी योजना घ्या. रोजगार हमी. महाराष्ट्रातला २०२५-२६ चा मजुरीदर दिवसाला ३१२ रुपये होता. तेव्हाच्या कायद्यानं कुटुंबाला १०० दिवस काम मागता यायचं, म्हणजे ३१,२००. सरकारनं हमी दिलेलं काम पूर्ण केलं की सरकारच्याच निराधार योजनेतून तुम्ही बाद. ६८ दिवस खणलं तरी बाद. आणि निराधारचा पगारच वर्षाला १८ हजार होतो.

म्हणजे या योजनेत खरं बोलून शिरता येईल असा माणूस शोधून काढायचा झाला तर तो उपाशी मेलेला तरी असेल किंवा तहसीलला येण्याच्या स्थितीत तरी नसेल. तलाठी दाखल्यावर २१ हजार लिहितो, बाई अंगठा देते, समिती मंजूर करते. तिघांनाही ठाऊक असतं. मग कधी तरी कोणाचा धुरा सरकतो, तक्रार होते आणि तिघांपैकी एकटीच्या अंगठ्याला फसवणूक म्हणतात. धागाकर्ते, तुमचा 'खोटं कोणाचं धरायचं' हा प्रश्न म्हणून बरोबर आहे. लबाडी दाखल्यात शोधू नका, तिथं ती सगळ्यांची सारखीच आहे.

अवली_नागपूरकर

२१ हजाराचा दाखला म्हणजे लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त. छापावा लागतो. त्या वेळेला लग्न कोणाचंच लागत नाही.

पुणेरी_पाहुणा

मग मर्यादा वाढवा, पण तोवर कर भरणाऱ्याने काय करायचं?

वऱ्हाडी_ठेचा

काई नाही, पीएम किसानचे पैसे वापस कराचे 😄 आयकर भरणाऱ्याले थ्या योजनेत घेतच नव्हते, तरी वर्षाले ६००० उचलले. मंग तहसीलदारानं नोटिसा धाडल्या. आमच्या तालुक्यात नोटीस आलेल्यायच्या यादीत मास्तर होते, डाक्टर होते, दुकानवाले होते. बुढी एकबी नोती.

पुणेरी_पाहुणा

😶

अंगणवाडीतली_मी

लाडक्या बहिणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जुलै २०२४ ला योजना सुरू झाली तेव्हा फॉर्म आमच्याकडून भरून घेतले, अर्जामागे ५० रुपये देणार म्हणून. तेव्हा वरून एकच घाई, एकही बहीण सुटायला नको. वय २१ ते ६५, उत्पन्न अडीच लाखाच्या आत, घरी चारचाकी नको, ट्रॅक्टर चालतो. या अटी तेव्हाही होत्या, पण तपासायला वेळ कोणाला होता?

निवडणूक झाली आणि पुढच्या वर्षी याद्या आल्या. कोणाच्या घरी गाडी आहे ते घरोघरी जाऊन पाहा. पाहणार कोण? पुन्हा आम्हीच. २०२५ च्या जुलैत सरकारनंच सांगितलं की २६.३४ लाख खाती अपात्र असल्याचं दिसून आलं म्हणून लाभ थांबवला. त्यात चौदा हजारांवर पुरुष निघाले म्हणे. माझ्या बिटात पुरुष नव्हता, पण जावेच्या घरी सेकंडहँड व्हॅन होती, भाड्यानं चालवायला घेतलेली, हप्ते अजून चालू. मी 'आहे' लिहिलं. जाऊ अजून हळदीकुंकवाला बोलावत नाही.

तुम्ही लोक गाडीत बसून परत जाता. आम्ही त्याच नळावर पाणी भरतो.

शुभदा_अमरावती

ताई 🙏 आणि ते केवायसी?

अंगणवाडीतली_मी

ते वेगळंच. बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार टाका म्हणे. ज्या विधवेचे वडीलही वारले तिनं कोणाचं टाकावं? नंतर मृत्यूचे दाखले घेऊन आमच्याकडे जमा करायला सांगितलं. म्हणजे ज्या खरंच एकट्या त्यांनाच सगळ्यात जास्त कागद.

कोडवाला_अकोला

म्हणूनच म्हणतो, माणसं पाठवूच नका. आरटीओची यादी, आयकराची यादी, सातबारा, रेशनकार्ड, मृत्यूनोंद, सगळं आधारवर जोडा आणि मशीनला ठरवू द्या. ना भाऊबंदकी, ना जाऊबाई.

सॅक्रामेंटोचा_वरुडकर

@कोडवाला, नेदरलँड्समध्ये हेच झालं. पाळणाघराच्या अनुदानात लबाडी शोधायला कर विभागानं संगणकाला जोखीम ठरवायला लावली. परदेशी वंशाचे लोक जास्त संशयित ठरले, फॉर्ममधल्या बारीक चुकीवरून हजारो कुटुंबांकडून अख्खं अनुदान परत मागितलं, लोक कर्जात बुडाले. जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. ऑस्ट्रेलियातही वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यावर सरासरी काढून मशीननं गरिबांवर खोटी थकबाकी लादली होती, ती सरकारला परत करावी लागली.

वऱ्हाडी_ठेचा

आपल्याकडं मंत्रिमंडयानं राजीनामा द्याची पाळी नाही येत. ऑपरेटरले नोटीस भेटते.

सेतूवाला

ऑपरेटरचं नाव निघालंच आहे तर बोलतो. आपले सरकार केंद्र चालवतो, तालुक्याच्या गावी. लबाडी म्हटलं की सगळे आमच्याकडे बोट दाखवतात. एक रुपयात पीक विमा होता तेव्हा काही केंद्रचालकांनी दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर विमे काढले, हे खोटं नाही. अर्जामागे ४० रुपये मिळायचे, त्यासाठीही काहींनी हात मारले. त्यांच्यामुळे आम्ही सगळे चोर, आणि २०२५ पासून एक रुपयाची सोयही गेली.

पण निराधारच्या बाबतीत पैसा कुठं झिरपतो ते चौकशीवाल्यांना दिसत नाही, कारण ते बाईच्या घरी जातात. अर्ज मंजूर करून देतो म्हणून एजंट पहिले दोन-तीन पगार बोलून घेतो. पैसे आले की गावातला अंगठ्यावर पैसे काढून देणारा शेकड्यामागे आपलं काढून ठेवतो. बाईला अंगठा दोनदा लावायला सांगतो, 'पहिला उठला नाही' म्हणून, आणि दोन्ही वेळा पैसे निघतात. चुरगळलेली पावती तिच्या हातात देतच नाही. तिच्या पासबुकात एंट्री मारून बघा एकदा. पंचनाम्यात हा रकाना आहे का?

पैनगंगा_काठ

नाही.

झाडीपट्टी

आमच्या भंडारा-गोंदियाकडे तपासायला खूप आहे, पण कोणी येत नाही. धान आमच्याच शेतात होते. घरचा तांदूळ असताना रेशनचा कोण खाणार? माणशी ५ किलो, अंत्योदयवाल्याले ३५ किलो, फुकट. गाडीवाला दारावर येते, मोजून घेऊन जाते. तो कुठं जाते हे लहान पोरगंही सांगेल. मिलमध्ये जाते, पॉलिश होते, नव्या बारदानात भरून सरकारले परत, भरडायला दिलेल्या धानाचा तांदूळ म्हणून. एकच तांदूळ दोनदा विकला जाते.

पकडल्या जाते कोण? किलोभर विकणारी बाई. तिचं कार्ड रद्द करू म्हणून धमकी देतात.

सॅक्रामेंटोचा_वरुडकर

हे तर हुबेहूब. इथं अन्नमदत कार्डावर येते. काही दुकानदार कार्ड घासून माल देत नाहीत, निम्मी रोकड देतात आणि बाकी स्वतः ठेवतात. फरक एवढा की इथं दुकानदारावर कारवाई करणारी वेगळी यंत्रणा आहे.

संत्रावाला

रोहयोवर कोणी लिहा रे. आमच्या पांदण रस्त्याच्या कामावर हजेरीपटात असलेले दोघे तेव्हा सुरतला कंपनीत होते. ॲपवर फोटो टाकायचा असतो ना रोज? फोटोचा फोटो काढून टाकतात. २०२५ मध्ये केंद्राच्या परिपत्रकातच ही युक्ती लिहून आली, तेव्हा ग्रामरोजगार सेवक आम्हालाच दाखवत होता, बघा आपली पद्धत दिल्लीपर्यंत पोचली.

अवली_नागपूरकर

विदर्भाचा अनुशेष असा भरून निघतोय.

माजी_तलाठी

थट्टा चालू द्या. मी एक सांगतो, मग थांबतो.

आम्हाला सगळ्यात जड गेलेली चौकशी निराधारची नव्हती. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की एक लाखाची मदत असते, ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीत. २००६ पासून तेवढीच रक्कम. पण ती मिळायला प्रकरण 'पात्र' व्हावं लागतं. जमीन त्याच्या किंवा घरच्याच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं-सोसायटीचं होतं की परवाना असलेल्या सावकाराचं, थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का. घरात सुतक, बाई कोपऱ्यात, आणि आपण सातबारा मागतो. सावकाराचा परवाना विचारतो. परवाना असलेला सावकार गावात कोणी पाहिला आहे का?

त्या घरांतही 'लबाडी तर नाही ना' असं वरून विचारलं जायचं. म्हणून निराधारच्या चौकशीला नव्या पोरांनी घाबरू नये. फक्त घाई करू नये.

कायदेभान

@पैनगंगा, मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर धागा गोंदियाच्या मिलमध्येच राहील.

पगार बंद करण्याआधी लेखी नोटीस द्या आणि म्हणणं मांडायची संधी द्या. नैसर्गिक न्यायाचं साधं तत्त्व आहे. बंद करून मग नोटीस, हे उलटं चालतं. माजी_तलाठी काकांच्या म्हातारीसारखी केस असेल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा सांगा. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे मुलांकडून महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मागता येतो. ती मागणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण तिला सांगितलं, एवढी ओळ अहवालात असू द्या. पोरांनाही कळतं की हा रस्ता आहे.

पैनगंगा_काठ

सगळ्यांचे आभार. ज्या तक्रारीवरून धागा काढला तिथं जाऊन आलो. महसूल सेवकाला आणि आशाताईला घेऊन गेलो, दुपारचा.

ट्रॅक्टर आहे. पोराच्या नावावर, कर्जाचा, आणि पोरगा त्याच अंगणात राहतो. बाईची वेगळी चूल नाही. तिनंच सांगितलं, 'खोटं कायले बोलू, एकाच ताटात जेवतो.' पण तिच्या पासबुकाची एंट्री मारून घेतली, सेतूवाला भाऊंनी सांगितल्याप्रमाणे. एकाच दिवशी दोनदा पैसे निघालेले, आणि असं चार ठिकाणी. तिला एकदाचेच माहीत. तिचा अंगठा घेणारा तक्रारदाराचा चुलतभाऊ आहे, हे महसूल सेवकानं परतताना गाडीवर सांगितलं.

अहवालात दोन्ही लिहिलं. कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त आहे, हेही. दुबार रक्कम निघाल्याची वेगळी चौकशी व्हावी, हेही. साहेब म्हणाले, दुसरा परिच्छेद आपल्या विषयातला नाही, काढून टाक. मी काढला नाही. तसाच सहीला ठेवलाय.

अंगणवाडीतली_मी

म्हणजे बाईचा पगार जाणार आणि अंगठा घेणारा तिथंच.

कायदेभान

जाईलच असं नाही. पण काढायला सांगितलेला परिच्छेद जपा. आवक क्रमांक टाकून झेरॉक्स घरी ठेवा. आणि बाईच्या नावानं बँकेकडे वेगळी लेखी तक्रार द्या, तिच्या अंगठ्यानं, पासबुकाची नक्कल जोडून. ती तुमच्या साहेबांच्या हातात नाही.

सेतूवाला

व्यवहारांची छापील यादी बँकेच्या शाखेतून घ्या. त्यात वेळही मागा. दोन अंगठ्यांत दोन मिनिटांचं अंतर दिसलं की कोणी काही म्हणू शकत नाही.

माजी_तलाठी

बदली झाली तर कळव. चांगली गावं सांगतो.

नवीन_सदस्य_वाशीम

माफ करा, विषय सोडून आहे. माझ्या मावशीचा निराधारचा पगार तीन महिन्यांपासून आला नाही. तहसीलवाले म्हणतात टाकला, बँकवाले म्हणतात आला नाही. काय करावं?

सेतूवाला

मावशीनं मधल्या काळात कुठं दुसरं खातं उघडलं का? गॅससाठी, लाडक्या बहिणीसाठी? डीबीटीचे (सरकारकडून थेट खात्यात येणारे) पैसे जुन्या पासबुकात येत नाहीत, आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं तिथं जातात. मावशीला घेऊन बँकेत जा आणि आधार सध्या कोणत्या बँकेला मॅप आहे ते विचारा. पैसे बहुतेक तिथंच पडून असतील. आणि अंगठा एकदाच लावू द्या.